झालं म्हणणारी माणसं

उदगीर, बुधवार

प्रिय मार्तंड,

नव्या जिल्ह्याचा साहेब झालास, छान झालं. रविवारी माझ्याकडे आलास आणि दारातूनच म्हणालास, "अक्का, वाढ लवकर, आय ॲम स्टार्व्हिंग." मी ताट वाढलं. आता ऐक. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदरनं हा शब्द एकदा फळ्यावर लिहून उलगडला होता. स्टार्व्ह म्हणजे आधी नुसतं मरणं. तापानं मरा, म्हातारपणानं मरा, भुकेचा त्यात संबंध नव्हता. जर्मन माणूस मरण्याला अजून त्याच मुळाचा शब्द वापरतो. इंग्रजांकडे तो आकसत थंडीनं नाहीतर भुकेनं मरण्यापुरता उरला. आणि आता ताट अर्धा तास लांबलं की तुझ्यासारखे साहेब तो तोंडात घालतात.

तू जेवत होतास तेव्हा चांगुणा बाहेर ओट्यावर बसली होती. आमच्या शाळेच्या वसतिगृहात तिनं एकवीस वर्षं भाकरी थापल्या. नव्वद पोरी उठल्याशिवाय ती बसायची नाही. विचारलं की म्हणायची, "झालं की बाई मघाच." मी मुख्याध्यापिका, पण ते उत्तर कधी तपासलं नाही. आपल्याकडे कुणी "जेवलात का" विचारलं की "झालं" म्हणायचं असतं. घरात दाणा नसेल तर जास्तच ठासून. लोकांपुढं भूक सांगू नये, हे तुलाही आईनंच शिकवलं.

गेल्या महिन्यात तुझा कारकून वीरण्णा मागच्या वस्तीत फुकट धान्याची यादी करायला आला. उंबऱ्याबाहेरूनच विचारायचा, "काय आजी, जेवण झालं का?" चांगुणा म्हणाली, "हाव, झालं." यानं लिहिलं, दोन वेळा जेवते. नाव कमी. एकोणचाळीस घरांतून एकोणचाळीस वेळा "झालं" आलं आणि खाली तू सही केलीस. दोन पावसाळे कोरडे गेले, खडी फोडायच्या कामावर म्हाताऱ्यांना घेत नाहीत, आणि तुझ्या कागदावर सगळी वस्ती ढेकर देते आहे.

तुला बोलते आहे खरी, पण मी तरी काय केलं? ती रोज संध्याकाळी यायची. मी तेच विचारायचे, ती तेच सांगायची. मग मी चहा द्यायचे. बशी दोन्ही हातांनी धरून ती शेवटचा थेंबसुद्धा प्यायची. ते मी रोज बघत होते.

सोमवारी ती आली नाही, म्हणून मी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात पाऊल टाकलं. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आत पाण्यात चिंचोके होते आणि चूल गार. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, वार्धक्य.

तिच्यासाठी आता काही मागत नाही. पण यादी शुक्रवारी वर जाणार, असं वीरण्णा सांगतो. ती थांबव. उद्या स्वतः ये. चपला बाहेर काढ, प्रत्येक घरात आत जा, कुणाला काही विचारू नकोस, झाकणं उचल. चांगुणेची सून नागुबाई दाराची चौकट धरून उभी असेल, कारण नुसतं उभं राहायचं त्राण तिच्यात नाही. ती म्हणेल, "साहेब, झालं आमचं." आज सकाळी मलाही तेच म्हणाली.

तिला खोटी ठरव.

तुझीच,
अक्का