लाकडी तोफेला तिसरा हात

वेर्बिवका, ३ मे

चि. उस्तिनास बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोफेजवळ फोन लावायची तुम्हाला बंदी, तेव्हा पुन्हा कागद-पेन. पाववाला लावरिन आठवड्यातून एकदा-दोनदा तुमच्या आघाडीकडे जातो, तोच आपला पोस्टमन. या खेपेला त्याच्या गाडीत माझी लाकडी तोफ आहे, तीन तुकड्यांत. जन्मभर मधमाश्यांच्या पेट्या केल्या, वेडंवाकडं काम हातून जात नाही. रंगाचे तीन हात दिलेत, प्रत्येक हात अंगणात उन्हात वाळवून. शत्रूच्या ड्रोनने हिलाच खरी समजावं आणि तुझ्या वाट्याचा गोळा हिने झेलावा, एवढंच माझं मागणं.

जेवतेस ना वेळेवर? तुझ्या ‘मी मजेत’ने माझं समाधान होत नाही. शेजारची मोत्र्याही रोज विचारते.

तुझा बाबा, पनास

११ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तोफ पोचली. बघायला सगळी तुकडी जमली. सार्जंट म्हणाले, हिला लग्नाच्या वरातीत न्यावं. तिथेच घोडं अडलं. तीन दिवस माळावर उभी केली, ड्रोन दोनदा येऊन गेलं, ढुंकूनही बघितलं नाही. खरी तोफ कधी अशी नटलेली असते का? मग आम्ही तिला चिखल फासला, चाकोऱ्या उमटवल्या, रिकामी खोकी टाकली. त्यांच्या कॅमेऱ्याला ऊब दिसते म्हणून खाली शेगडी पेटवली. परवा तिच्यावर पाच गोळे आले. त्यावरून त्यांची तोफ कुठे आहे ते कळलं, आम्ही मारा केला आणि जागा बदलली. तुमच्या तोफेचा भुगा झाला, आम्ही चौघं शाबूत आहोत.

अजून दोन हव्यात. गबाळ्या करा. मी मजेत. मोत्र्यामावशीच्या बोर्श्चवर ताव मारताय ते लावरिनकडून कळतं बरं.

तुमची उस्तिना

१६ मे

चि. उस्तिनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बापाला गबाळं काम शिकवतेस! शिकलो बाई. दोन्ही तोफा उभ्या झाल्या. ट्रॅक्टरची जुनी चाकं लावली, नळीला काजळी फासली. शेगडी बसते का ते बघायला आत पेटवूनही पाहिली. काल रस्त्याने आपला एक शिपाई चालला होता, तो खरीच समजून तोफखाना गावात कधी आला म्हणून विचारून गेला. तुझी आई असती तर म्हणाली असती, म्हातारा हवेत गेला.

रंगाचे दोन हात झाले. तिसरा दिल्यावाचून लाकूड पावसात फुगेल. अंगणात वाळताहेत, आठवड्यात धाडतो.

तुझा बाबा

१९ मे

ती. बाबांस नमस्कार.

लावरिनला थांबवून ठेवलंय, घाईत लिहिते. बाबा, अंगणात? तुम्ही आघाडीपासून तीस किलोमीटरवर आहात. त्यांची ड्रोनं आता तेवढी आत येतात. जे शिपायाला खरं वाटलं ते त्यांना नाही वाटणार? हे मी आधी सांगायला हवं होतं, चुकले. आजच्या आज तोफा कोठारात ढकला. शेगडी विझवा. तिसरा हात गेला खड्ड्यात. निजायला मोत्र्यामावशीकडे जा, लोक बोलतील तर बोलू देत.

पाया पडते, ऐका.

उस्तिना

२४ मे

ती. बाबांस,

लावरिन आज पत्राविना आला. वेर्बिवकात धूर दिसला, पोलिसांनी वेशीवरूनच परतवलं म्हणतो. एक ओळ पाठवा. तुम्हाला जमत नसेल तर मावशींनी लिहावी.

उस्तिना

वेर्बिवका, २६ मे

चि. उस्तिनास आशीर्वाद.

आधी हे वाच की मी जिवंत आहे. मोत्र्याकडे आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, बाकी धड.

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. एक तोफ आत ढकलली. दुसरीला तिसरा हात नुकताच दिला होता. ओल्या रंगावर कोठारातला भुसा बसेल म्हणून संध्याकाळपर्यंत राहू दिली. खोड, दुसरं काय. पाचच्या सुमाराला गुणगुण ऐकू आली. मला वाटलं, मधमाश्यांचं मोहोळ उठलं. वर पाहिलं तर ड्रोन, आणि तळघराच्या दाराशी गोठून उभा राहिलो. दहा मिनिटं ते माझ्यावर घिरट्या घालत होतं. देवाचं नाव आठवेना. मग स्फोट झाला, माझा पेट्यांचा कारखाना गेला, स्वयंपाकघराची भिंत गेली.

पोरी, ती दहा मिनिटं मला सोसवली नाहीत. तू दोन वर्षं ती गुणगुण ऐकतेस आणि मला ‘मी मजेत’ लिहितेस. मीही खुळा, जेवलीस का विचारत बसलो. माझ्यासाठी बरं बरं लिहिणं आता पुरे कर. काय होतं ते लिही. बाप आहे, ऐकेन.

तुझा बाबा

३० मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पोटभर रडले. आता खरं लिहिते.

जेवण जात नाही. पाणी ओतल्याचा आवाज आला तरी अंग आकसतं. तोफेवर आम्ही चौघं नाही, पाच जण होतो. मार्चमध्ये येव्हसेय रजेवर गेला असं तुम्हाला लिहिलं होतं. तो रजेवर गेला नाही, बाबा, मारला गेला. माझ्या शेजारी निजला होता. पहाऱ्याची पाळी त्याची नव्हती, माझी होती. मला सर्दी झाली होती म्हणून तो उठला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमचा लोभ आहे हे जाणून आहे. हे वाचल्यावरही असू द्या.

तुमची उस्तिना