तीन तांबडे चिमटे आणि चौथा

मी खाली सही करणारी, वय पंचावन्न, धंदा इस्त्रीचा, शाळा तिसरीपर्यंत, डोकं ठिकाणावर. परवा पित्ताशयातला खडा काढायला जायचंय. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ म्हणणाऱ्यांवर माझा भरवसा नाही, म्हणून कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवते.

१. राहती खोली, टेबल आणि दोन्ही इस्त्र्या मुलीला. मोठी इस्त्री हट्टी आहे, दमात घ्यावी.

२. गच्चीवरची सोलर पॅनेल आणि जिन्याखालची बॅटरी चारही घरांची. माझा हिस्सा मुलीला, पण तोडून मागायचा नाही. दीर म्हणतात, "वहिनी, चार तारा वेगळ्या करू, सगळ्यांना सारखी वीज." भावजी, सारखं म्हणजे न्यायाचं नव्हे. तळमजल्यावरच्या मास्तरांचं श्वासाचं मशीन ढगाळ दिवशी तुमच्या त्या सारख्या वाट्यावर दुपारीच बंद पडेल. मग तुमचा टीव्ही त्यांना श्वास देणार का?

३. नियम आहे तोच राहील. मास्तरांची तार खटक्याच्या अलीकडून घेतलेली आहे, तिला पाळी नाही. पंप भर उन्हात चालवायचा, ऊन फुकट घालवायचं नाही. बाकी बोर्डाला एका वेळी इस्त्री-ओव्हनसारखी तीनच जड यंत्रं झेपतात, चौथं लावलं की खटका पडून वीज जाते, म्हणून माझ्या दाराला कपड्यांचे तीन तांबडे चिमटे. चिमटा नेल्याशिवाय जड यंत्र लावायचं नाही.

४. चिमटे आणि बोर्डाची किल्ली धाकट्या जावेला. मुलगी म्हणाली, "आई, दोन वर्षं तुमचा अबोला, आणि किल्ली काकूला?"

काकूलाच. कारण लिहिते, एकदाच. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीचा ढीग पडला होता आणि तिन्ही चिमटे बाहेर, लोकांनी नेलेले. मी दोरीवरचा माझाच एक तांबडा चिमटा काढून, तीनातलाच असल्यासारखा टेबलाला लावला नि इस्त्री सुरू केली. खटका पडला. धाकटीच्या ओव्हनमधला केक खाली बसला, आणि वर मीच तिला चार घरांसमोर ओरडले, "चिमट्याशिवाय ओव्हन लावलास!" ती रडली. मी कबूल केलं नाही. तो चौथा चिमटा तिच्या हाताने मोडावा.

इथवर लिहिलं आणि धाकटीच चिमटा न्यायला दारात आली. मी कागद आणि तो चौथा चिमटा पुढे केला. उभ्याउभ्या वाचून म्हणाली, "ताई, उन्हातला चिमटा फिका पडतो. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे!"

चौथा चिमटा तिने तिथेच मोडला. कलम चारमधलं तेवढं काम उरकलं, किल्लीचं कायम. धाकटीला साक्षीलाही सही करायची होती. खाली सहीला जमलो तेव्हा मास्तर म्हणाले, किल्ली जिला मिळते तिची साक्ष नको. तर म्हणाली, "मग मी केक करते."

साक्षीदार : तळमजल्यावरचे मास्तर, चौथ्या घरातला न्हावी.
सही : इस्त्रीवाली, स्वतःच्या हाताने.
ठिकाण : जिन्याखाली, बोर्डासमोर.
तारीख : चौदा मार्च, दुपारी बारा. बॅटरी भरलेली, तिन्ही चिमटे बाहेर, माझी इस्त्री बंद.