तीन गाठींची पट्टी

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद, पुरून उरतील इतके.

पत्र पोचलं. तू नव्या केंद्रात रुजू झालीस, व्यायामाचा हॉल मांडायला घेतलास, वाचून बरं वाटलं. अक्षर मात्र डॉक्टरांच्या संगतीने पार बिघडलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला असले कोंबडीचे पाय वाचता येत नाहीत. जरा मोठं काढ.

इकडे नोटीस लागली. महिनाअखेर केंद्र बंद. इतकी वर्षं जखमी सैनिकांना इथे उभं राहायला शिकवलं, आणि आता इमारतच आडवी करणार म्हणे. मोठे डॉक्टर सांगत होते, जुन्या भिंतींत लिफ्ट बसत नाही, नवी यंत्रं मावत नाहीत, म्हणून सगळं तुमच्या तिकडे न्यायचं, मोठ्या इस्पितळाला जोडून. असेल खरं. मी विचारलं, शिवणखोलीचं काय? तर म्हणाले, तिकडे कपडे तयारच येतात. म्हणजे मला नारळ. चोवीस वर्षं एका पायाच्या विजारी शिवल्या, कापलेल्या पायांवर चढवायचे मोजे शिवले, ते आता डब्यातून येणार.

आपला पायवाला, म्हणजे लाकडी पाय घडवणारा, रोज रडतो. साठीचा माणूस, भुशात बसून नाक शिंकरतो. मी म्हटलं, तुझे पाय निदान चालत तिकडे जातील, माझी सुई इथेच राहणार. तेव्हा कुठे हसला.

आता तुझ्या बापाचं. एकवीसला त्याला गाडीतून पाठवणार आहेत. बरे झालेले घरी गेले, माझा लेक इथलाच होऊन राहिला. तुला सांगायला नको, पण तिकडच्या डॉक्टरांना तोंडाने सांग, कागद कोणी वाचत नाही. स्फोटात त्याचे डोळे गेले आणि डोक्याला मार बसला. नवं काही टिकत नाही, सकाळचं दुपारी पुसलं जातं. तरी तो कुणाचा हात न धरता चालतो, ते माझ्या गाठींवर. भिंतीलगतच्या दांड्याला मी चादरीच्या पट्ट्या बांधल्यात. एक गाठ लागली की संडास, दोन लागल्या की जेवणाची खोली, तीन लागल्या की शिवणखोली. बोटांना कळलं की झालं, डोक्याला त्रास नाही. सकाळी नऊला तीन गाठी चाचपत माझ्या दाराशी येतो, मशीनचा आवाज ऐकला की आत येऊन बसतो, आणि डब्यातली बटणं हाताने पारखून मोठी वेगळी, बारीक वेगळी करतो. संध्याकाळी मी ती परत एकत्र करते. नाहीतर दुसऱ्या दिवशी काय करेल?

तिकडच्या भिंतींना दांडा आहे का, ते कळव.

लोभ असू दे. नसला तरी पत्र असू दे.
आजी


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस टिटवीचा साष्टांग नमस्कार. माझे गुडघे धड आहेत, तेव्हा खरंच घातला असं समज.

अक्षर मोठं काढलंय. एवढ्याने भागलं नाही तर पुढचं पत्र पाटीवर लिहून पाठवते.

इमारत छान आहे, म्हणजे नवीन आहे. सगळीकडे काच, आपोआप सरकणारी दारं, आणि सगळ्या वाटा एकसारख्या. मी दोन डोळ्यांनी दोनदा चुकले. एकदा डॉक्टरांच्या खोलीत जायचं तर चादरींच्या कोठारात पोचले. भिंतीला दांडा आहे, स्टीलचा, गार. बाबांना कसा लागेल कोण जाणे.

गाठींचं सांगितलं. एक तरुण डॉक्टर हसला, मग लिहूनही घेतलं. पट्ट्या पाठव. की मी इथेच नव्या बांधू?

एक सांगू? चिडू नकोस. तिथे बाबा सकाळ झाली की तुझ्याकडे यायचे, आणि मी म्हणजे येणारी-जाणारी कोणीतरी. इथे आमची दोघांचीच गाठ आहे. मला सारखं वाटतं, इथे ते मला ओळखतील. येडेपणा आहे, मला माहीत आहे. पण शिकले ते त्यासाठीच ना.

पायवाल्यांना सांग, त्यांचं टेबल खिडकीजवळ लावलंय. औषधं वेळेवर घे, आणि घेतलीस असं नुसतं लिहू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहो.
टिटवी


ता. २२ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

काल गाडी गेली. तुझा बाप पोचला असेल. आधी दोन ट्रक भरले. चालायला शिकवायचे कठडे, मोठे आरसे, वजनं, खाटा. आरसा उतरवताना पायवाला मधे मधे करत होता, शेवटी त्यालाच ट्रकमध्ये बसवलं.

तुझ्या बापाने विचारलं, कुठे निघालोय. सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. पाचव्यांदा म्हटलं, टिटवीकडे. तर म्हणाला, लवकर चला मग, तिची दुधाची वेळ झाली असेल. तू त्याच्यासाठी वर्षाचीच आहेस. ओळखेल या आशेवर बसू नकोस. तुझ्या हाताने जेवला तरी पुष्कळ.

निघायच्या आधी तासभर शिवणखोलीत बसला होता. बटणं वेगळी करून झाली तेव्हाच हाक आली.

पट्ट्या पाठवते, जुन्याच. नवं कापड त्याच्या बोटांना परकं लागेल. कोणी मोठे साहेब येणार असले की रंगारी दांडा रंगवायचा तो माझ्या पट्ट्यांसकट. आधी हिरवा, मग निळा, मग हा पिवळट. त्यामुळे कडक झाल्यात. गाठींना हात लावू नकोस, टोकं तेवढी आवळून बांध. एक आणि दोन कुठे ते तुला माहीत आहे. तीन गाठींची तुझ्या हॉलपाशी बांध. माणसाला सकाळी उठून जायला एक जागा लागते.

माझी खोली दोन गल्ल्या पलीकडेच, त्यामुळे मला कुठे हलायचं नाही. आठवड्यात इमारतीला कुलूप लागेल. औषध घेतलं. खरंच घेतलं.

कळावे. जास्त लिहिण्यासारखं आहे, पण बोटं दुखतात.
आजी


ता. ६ मार्च

ती. आजीस टिटवीचा नमस्कार, घाईतला पण मनापासूनचा.

आधी चांगलं. पट्ट्या बांधल्या, आणि एक गाठ आणि दोन गाठी बाबांना दुसऱ्याच दिवशी सापडल्या. स्टीलला हात लागला की दचकायचे, पट्टी लागली की खांदे खाली यायचे. तो हसणारा डॉक्टर आता इतर अंध जवानांसाठी पट्ट्या मागतोय. त्याला सांगितलं, आजीला विचारावं लागेल, ती कोणाला काही फुकट देत नाही, आधी दोन शब्द सुनावते.

आता तिसरीचं. नऊच्या ठोक्याला येतात. तीन गाठींवर हात ठेवतात, मान कलती करतात आणि ऐकत उभे राहतात. मी म्हणते, आत या, मी आहे. ते फार अदबीने सांगतात की बाई, आईचं मशीन बंद आहे, सुरू झालं की जाईन. बटणांचा डबाही आणून बघितला. खुर्ची दिली तर मागे सारतात. आई यायच्या आधी बसायचं कसं, म्हणतात. नऊपासून एकपर्यंत उभे. पाय सुजतात. जबरदस्तीने नेलं तर ओरडतात, आणि सकाळी पुन्हा तिथेच.

मंगळवारी गुडघे दुमडले आणि पडले. कपाळाला चार टाके. आता डॉक्टरांनी ठरवलंय की चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि कमरेला पट्टा लावायचा, पडायची भीती जाईपर्यंत. आजी, मी या कामातली आहे. पन्नाशीचा माणूस पट्ट्यात बसला की दोन महिन्यांत मांड्या जातात. मग भीती गेली तरी उठायला पाय उरत नाहीत. चोवीस वर्षं चाललेले बाबा खुर्चीत जातील, तेही माझ्या डोळ्यांदेखत.

तू ये. एक महिना ये, मशीन घेऊन ये. खोली मागून ठेवली आहे. मोठे डॉक्टर गाडी देतील. नाही म्हणू नकोस.

तुझी
टिटवी


ता. १२ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

नाही.

गुडघ्यांचं निमित्त सांगितलं असतं, पण तू गुडघ्यांचीच डॉक्टरीण, पकडशील. म्हणून सरळ सांगते. मी आले, मशीन चालवलं, तर तो बसेल. महिन्याने मी निघाले की पुन्हा उभा राहील. बरं, निघाले नाही, तिथेच राहिले, तर किती दिवस? मी चौऱ्याहत्तरची आहे. मी मेले हे त्याला सांगशील, तो रडेल, दुपारी विसरेल आणि सकाळी नऊला पुन्हा माझी वाट बघेल. रोज. तेव्हा ती पट्टी तुलाच काढावी लागेल, आणि मी गेल्यावर तुझा हात चालायचा नाही, तुला मी ओळखते. त्यापेक्षा आत्ता काढ. आत्ता शिव्या घालायला मी आहे.

तीन गाठींची पट्टी सोड आणि मला परत पाठव.

चूक माझी झाली. मशीन इथे आणि गाठ तिकडे, एवढं शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही असंही नाही. खरं सांगायचं तर संडास त्याला हवा होता, जेवण त्याला हवं होतं. तिसरी मी बांधली ती माझ्यासाठी. तुझा बाप असा झाला, तुझी आई दुसरं घर करून गेली, तिला मी नावं ठेवत नाही, तू पाळण्यात. मला वाटलं, सकाळी कोणीतरी आपणहून दाराशी यावं. आलाही, चोवीस वर्षं. आता पुरे.

डॉक्टरांना म्हण, पट्टा आठ दिवस थांबवा. ऐकलं नाहीत तर इथल्या मोठ्या डॉक्टरांकडून फोन करवते. त्यांच्या पायजम्यात नाडी ओवायला मीच लागायची, मला नाही म्हणायचे नाहीत.

तो पट्टी शोधेल तेव्हा मधे बोलू नकोस. तुझा आवाज आला की थांबेल. जीभ चाव, पण गप्प राहा.

लोभ आहेच, तो काय आजचा आहे.
आजी


ता. २३ मार्च

ती. आजीस टिटवीचा नमस्कार.

आठ दिवस मिळाले. फोन कोणी केला ते विचारत नाही.

टोकं सुटेनात, मी फार आवळली होती. शेवटी कात्रीने कापली. रागावशील, माहीत आहे.

पहिल्या दिवशी बाबा दोन गाठींपासून पुढे आले आणि नुसता पाइप लागला. परत मागे गेले, दोन गाठी मोजल्या, पुन्हा आले. असं सहा वेळा. मग अंदाजाने बरोबर त्याच जागी थांबले आणि एकच वीतभर जागा चाचपत राहिले. मी दारात तोंडावर हात धरून उभी होते. त्यांच्यापासून तीन हातांवर. बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तासभर थांबले. चौथ्या दिवशी पाच-सात मिनिटं. त्यांना काही आठवत नाही, पण हात शिकत होता. सहाव्या दिवशी त्या जागेवरून हात सरकला तो सरकतच गेला. वाटेच्या टोकाला अंगणाचं दार आहे, उघडंच होतं. ऊन तोंडावर आलं तसे थांबले. मी मागेच होते. मला विचारलं की बाई, हे बाहेर आहे का. म्हटलं, हो. बसायला काही आहे का, म्हणाले. बाक आहे. बसलो दोघं. आता रोज तिथेच जातात आणि बसतात. खुर्ची आणि पट्टा कोठारात गेला.

आजी, त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. लिहू की नको असं झालं होतं. पण तूच म्हणायचीस, खोटं लिहायचं तर शाई कशाला नासायची.

मला अजून बाईच म्हणतात. परवा बाकावर विचारत होते, तुम्हाला लेकरं आहेत का. म्हणाले, मला एक मुलगी आहे, वर्षाची, फार रडते, पण तिचा आवाज ऐकला की बरं वाटतं. मी म्हटलं, रडू द्या, मोठी झाली की थांबेल.

पट्टी सोबत आहे. माझ्यावरची माया कमी करू नकोस, मला दुसरं कोणी नाही.
टिटवी


ता. ३१ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

चालतो ना? मग झालं. तुझं पत्र तीनदा वाचलं, ते अक्षरासाठी. मधेच पुन्हा बारीक झालंय.

नाव काढत नाही म्हणून मला वाईट वाटेल असं तुला वाटलं. वाटलं. हवं तेच झालं तरी वाटतं, त्याला इलाज नाही. तू मधे बोलली नाहीस, ते माझ्याच्याने झालं नसतं.

इमारतीला कुलूप लागलं. मोठ्या डॉक्टरांनी मशीन माझ्या खोलीवर पोचवलं, आणि तो बटणांचा डबाही. त्याने शेवटच्या दिवशी वेगळी केलेली बटणं आहेत तशीच आहेत, मोठी मोठ्यांत, बारीक बारकांत. आता एकत्र करायचं कारण नाही. त्या हसऱ्या डॉक्टरला सांग, पट्ट्या देईन. किती जवान आहेत ते कळव, आणि कोणाला सकाळी कुठे जायचं असतं ते नीट विचारून कळव.

पट्टी मिळाली. सोड म्हटलं होतं, कापून पाठवलीस. पुढच्या वेळी धीर धर. काल दुपारभर सुई घेऊन बसले. रंगाचे पापुद्रे मांडीवर पडले, आधी पिवळट, मग निळा, मग हिरवा. दोन गाठी सुटल्या. आत कापड अजून पांढरंच आहे. तिसरी सुटत नाही. सुटेल. मला कुठे घाई आहे, सकाळी कोणी यायचं नाही.

बाकावर त्याच्या डोक्याला टोपी घाल. ऊन वाढतंय.
आजी