भिंतीवरची नावे, हललेल्या कुंड्या आणि माझी सून यांबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, निंभोरी (माळ),
जि. अमरावती.

विषय: पत्नीच्या मृत्यूबाबत मी दिलेला जबाब अपुरा असल्याने तो नव्याने घेणे व दोष माझ्या नावे नोंदवणेबाबत.

संदर्भ: १) अकस्मात मृत्यू क्र. ११/२०२५. २) माझा जबाब, दि. २१ मे २०२५.

महोदय,

१. मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक पदावरून निवृत्त झालो असून एकतीस वर्षे इतरांना वाफे आखून देण्याचे काम केले आहे. निवृत्तीनंतर अंगणात औषधी वनस्पतींची बाग करण्याचे ठरवले. लावणीआधी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. पश्चिमेच्या भिंतीलगत अकरा कुंड्या, दोन कुंड्यांत नऊ इंच अंतर. पुदिना व गवती चहा यांना पाणी जास्त लागते म्हणून ते नळाजवळ, ओवा व कोरफड टोकाला. पत्र्याच्या पाट्या वाऱ्याने उडत, म्हणून प्रत्येक कुंडीमागे भिंतीवर तैलरंगाने नाव लिहिले. अक्षर चांगले आहे. गावातले लोक पाहायला येत व मला ते फार आवडे.

२. घरात कोणी काही विचारले की माझे उत्तर ठरलेले असे: "मले विचारू नका, भिंत वाचा." हे मी पाहुण्यांनाही कौतुकाने सांगत असे.

३. मे महिन्यात पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. झाडे जळू नयेत म्हणून आमच्याकडे सगळेच करतात तसे मीही दुपारी कुंड्या कूलरजवळच्या ओलीत सरकवत असे व ऊन उतरल्यावर परत भिंतीशी लावत असे. दि. १८ मे रोजी परत लावताना पाचव्या व सहाव्या कुंडीची अदलाबदल माझ्या हातून झाली. पाचवी अश्वगंधा, सहावी सर्पगंधा. पाने गळून दोन्हींचे नुसते खुंट उरले होते. चष्मा घरात होता, आणि तो आणायला जाण्याचा मी कंटाळा केला.

४. पत्नी कौशल्या हिला अशक्तपणा होता, झोप लागत नसे. अश्वगंधेचे मूळ दुधात उकळून द्यावे हे मीच ठरवले, कोणा डॉक्टरला न विचारता. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मूळ रोज मीच काढत असे. दि. १९ मे रोजी मात्र अकोल्याच्या प्रदर्शनात मांडण्यासाठी बागेचा आराखडा रंगवत बसलो होतो, म्हणून सून सौ. प्रणाली हिला सांगितले. सर्पगंधेने रक्तदाब खाली येतो, हे साहेब, मी शेतकऱ्यांना शिकवलेले आहे. कौशल्या दूध पिऊन घामाघूम झाली. अमरावतीला नेताना भातकुली ओलांडली आणि ती गाडीतच गेली. कागदावर उष्माघात लिहिले गेले. ऊनही तसेच होते.

५. माझ्या जबाबात एक वाक्य आहे: "दूध सुनेने दिले, मला अधिक माहिती नाही." त्या एका वाक्यावरून सुनेने दुधात काहीतरी कालवले, असे गावाने रचले. माझा मुलगा नितेश याने आईची तेरवी होताच सुनेला तिवसा येथे माहेरी पोहोचवले.

६. तेरवीची भांडी विसळलेले पाणी कुंड्यांत ओतले होते. आठवड्याभरात 'अश्वगंधा' नावाखालच्या खुंटाला पालवी फुटली. एका पेरावर तीन पाने, गुळगुळीत, चकचकीत. अश्वगंधेचे पान लवदार व मळकट असते. ही सर्पगंधा होती.

७. सदर कुंडी घेऊन मी ठाण्यात आलो होतो. हवालदार खुशालराव यांनी मला पाणी दिले व म्हणाले, "काकाजी, काकू उन्हानं गेल्या असं लिहून झालं. आता कावून उकरून राहिले?" भिंतीचा पंचनामा करावा अशी विनंती केली असता त्यांनी मला ऑटोत बसवून दिले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुरावा हलू नये म्हणून मी दोन्ही कुंड्या साखळीने खिडकीच्या गजाला बांधल्या आहेत व जेवायलाही तिथेच बसतो. नितेशने भिंतीसाठी आणलेला चुना मी उकिरड्यावर टाकला. गावात मला वेडा म्हणतात, हे मला माहीत आहे.

८. मुख्य गोष्ट अद्याप लिहिलेली नाही. मूळ काढण्याआधी सुनेने मला विचारले होते. खुरपे घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली व म्हणाली, "मामाजी, हे रोजच्यासारखं दिसून नाही राहिलं. एकदा पाहून घ्या ना." मी मान वर केली नाही. कागदावरचा हिरवा रंग वाळत होता. "तुले वाचता येत नाही का?" असे मी म्हणालो. ती बी.ए. आहे. ती गेली आणि भिंत वाचून आली. हे मी जबाबात सांगितले नाही, कारण बागेमुळे मिळालेले नाव जाईल अशी भीती वाटली. कौशल्येला जाऊन दोन दिवस झाले होते आणि मी नावाचा विचार करत होतो. सुनेनेही ही गोष्ट आजवर कोणापुढे काढलेली नाही.

९. शुक्रवार दि. ११ रोजी नितेश फारकतीच्या कागदावर सही करणार आहे. वरील सर्व मी त्याला दोनदा सांगितले. म्हाताऱ्याचे डोके फिरले, सुनेला वाचवून राहिला, असे तो म्हणतो. माझ्या शब्दावर घरात आता कोणी विसंबत नाही. ठाण्याच्या शिक्क्यावर तो विसंबेल. करिता माझा जबाब नव्याने घ्यावा व त्याची शिक्का मारलेली प्रत गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यावी. माझ्यावर एखादे कलम बसत असल्यास ते लावावे. बसत नसल्यास तेवढ्या कारणाने जबाब नाकारू नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व बोलावणे येताच हजर होणारा,

(सही)
भगवंतराव पुंजाजी गावंडे
मु. निंभोरी (माळ), जि. अमरावती
दि. ८ जुलै २०२५

प्रत माहितीसाठी: सौ. प्रणाली नितेश गावंडे, मु. तिवसा. माफी मागायला तोंड नाही, म्हणून फक्त प्रत पाठवत आहे.