हातांखालचा शब्द

१२ मार्च, बुधवार
मूडबोर्डचा विषय: बेदाणा. बेदाण्याच्या खोक्याचं डिझाइन नंतर, आधी फोटोंचा बोर्ड. सर म्हणाले, "नेटवरचे फोटो चिकटवलेत तर बोर्डासकट वर्गाबाहेर." प्रत्येक फोटोखाली एक मराठी विशेषण. एकच. पहिला येणारा बोर्ड पुण्याच्या प्रदर्शनाला. मलाच जायचंय. रूपाली रूम पार्टनर असली तरी हात माझ्यापेक्षा चांगला, हे इथेच कबूल. शिवाय तासगावकडची. तिची आई बेदाण्याच्या शेडवर कामाला.

१६ मार्च, रविवार
रू.बरोबर तिच्या गावी. एसटीत उभं राहून कंबरडं मोडलं. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षंच द्राक्षं, वास गोड, जरा आंबूस. रू.ची आई द्राक्षाचे क्रेट औषधाच्या पाण्यात बुडवत होती. हात बघितले आणि हेच ते! काळपट, चिकट, भेगाभेगांत मळ.
"काकू, हात असेच धरा."
"आगं थांब की, धुऊन येते."
"नको नको, असेच छान आहेत."
ओशाळल्या, पण धरले. रू. तोंड फिरवून उभी. निघताना काकूंनी माझ्या पर्समध्ये ओंजळभर बेदाणे कोंबले. पर्स चिकट झाली.

२० मार्च, गुरुवार
हातांना विशेषण सापडेना. खरबरीत? कष्टाळू? शी, शाळेतला निबंध. मग लिहिलं: कळकट. काळ्या शाईत, मोठ्ठं. बघतच बसले.
रू. म्हणाली, "दुसरा शब्द बघ."
"का? खोटं आहे?"
तिच्या स्वतःच्या बोर्डावर वेली, पानं, घड. आईचा पत्ता नाही. म्हटलं, "तुला आईची लाज वाटते, मला नाही."
बोलून बरं वाटलं. वाईट आहे मी. पण वाटलं बरं.

२४ मार्च, सोमवार
बोर्ड बघायला पालकांना बोलावलेलं. आमचे साताऱ्याहून आले नाहीत, कुणाचं तरी लग्न. काकू आल्या. नवी साडी, हातभर हिरवा चुडा. त्यांना वाचता येत नसेल असं मी धरूनच चालले होते. का, कोण जाणे.
माझ्या बोर्डासमोर थांबल्या. बोट ठेवून वाचलं. क, ळ, क, ट.
"बरूबर हाय, बाय. मी म्हनत हुते न्हवं, धुऊन येते म्हनून."
हसल्यासुद्धा. मग दोन्ही हात पदराखाली घेतले ते जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. चहासुद्धा नको म्हणाल्या.
सरांनी माझा बोर्ड पहिला काढला. "या शब्दात दम आहे." टाळ्या. मी त्या घेतल्या.

२५ मार्च, मंगळवार
रू.नं गादी गुंडाळून शेजारची खोली गाठली. दारातून एवढंच म्हणाली, "सातवीपर्यंत शिकलीय ती. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे तिचं."
खोली मोठी वाटते आता. हवी होती ना, घे.

२८ मार्च, शुक्रवार
अनोळखी नंबरवरून फोटो. काकूंचे हात. घासून घासून धुतलेले, भेगा लालबुंद, मनगटात तोच चुडा. खाली व्हॉइस मेसेज. "बाय, पुन्याला ह्यो लाव. आता सवच्छ हायती. शबुद तुजा तूच बदल, मला काय कळतंय त्यातलं."
सरांना दाखवला. "छे, यात मूडच नाही. पहिलाच राहू दे. नाहीतर दुसऱ्या नंबरचा बोर्ड पाठवतो." दुसरा नंबर रू.चा.
तरी प्रिंट काढून आणली. जुन्या फोटोवर धरून बघितली, मापात बसते. परत काढून ठेवली.
काकूंना लिहिलं: लावला, काकू.
लगेच उलट मेसेज. "लय बरं झालं गं. मग बोर्डाचा फोटू धाड की. शेडवरच्या बायकांस्नी दावते."
बोर्ड समोर आहे. जुनाच फोटो, जुनाच शब्द. पुण्याचा टेम्पो उद्या सकाळी दहाला.
काकू अजून ऑनलाइन दिसताहेत.