रोटाला हात न लावलेली सून

जळगाव, ९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.
फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. पंधरवड्याने माझी केमो सुरू होते. कॅन्सर बरा होईल म्हणतात, पण त्या औषधाने अंडाशय कायमचं बंद पडू शकतं. मी सत्तावीस वर्षांची, मला मूल हवंच आहे गं. म्हणून वीस तारखेला डॉक्टरीणबाई रक्त यंत्रात फिरवून त्यातलं प्लेटलेटचं पिवळं पाणी अंडाशयात टोचणार आहेत. उपाय अजून प्रयोगातला आहे, खात्री नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी अन् माझ्या नवऱ्याने, कुंदनने, हो म्हटलं.
तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
रूपाली

धुळे, १४ जानेवारी

चि. रूपालीस अनेक आशीर्वाद.
पोरी, रक्ताची काळजी तू करू नको. गल्लीतल्या झुलालला डेंगूत प्लेटलेट लागल्या, तेव्हा आमची ऐनवेळी पळापळ झाली होती. यंदा बठ्ठी, अगदी सगळी तयारी आधीच केली. तुझा भाऊ वना वीस तारखेला पिकअपमधून गल्लीतले अकरा जण आणतो. सगळ्यांची तंबाखू बंद केली आहे, उपाशीपोटीच पाठवते. रडू नको. रडलीस तर मीच तिथे येऊन बसेन, मग तुझ्या सोवळेकरी सासूचं काही खरं नाही.
तुझी आत्या, भागाबाई

जळगाव, २२ जानेवारी

ती. आत्यास सा. न.
अगं, रक्त माझंच घ्यायचं होतं, तेवढं लिहायला मी विसरले. दवाखान्याच्या दारात अकरा उपाशी माणसं बाह्या वर करून उभी. डॉक्टरीणबाई आधी घाबरल्या, मग हसत सुटल्या. सासूबाईंनी सगळ्यांना भरीत-पुरी वाढली, अन् त्या अकरा जणांनी रक्तपेढीत रक्त दिलंच. माझंही टोचून झालं. आता केमोनंतर पाळी परत येते का, तेवढंच बघायचं. येईल ना गं?
उत्तराची वाट बघणारी,
रूपाली

जळगाव, ४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.
मे महिन्यात केमो संपली. डोक्यावर बोटभर केस आलेत. पाळीचा मात्र पत्ता नव्हता, मी आशाच सोडली होती.
काल श्रावणातल्या रविवारी घरी कानबाई देवी बसल्या. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी माणशी सव्वा मूठ गहू दळून ठेवले होते. सासूबाई परातीत पीठ काढत होत्या, मी पाणी घालणार, तोच कळलं. आत्या, पाळी आली. मी तांब्या ठेवला, मागे सरले अन् सांगितलं. ज्या बाईने तीन वर्षांत त्या दिवसांत मला देवघराकडे फिरकू दिलं नाही, तिने पिठाच्या हातांनी माझे गाल धरले. दोघी खूप रडलो. मग त्यांनी पुन्हा अंघोळ केली, नवं पीठ दळून आणलं, अन् रोटाला दोन तास उशीर झाला. मी ओट्यावर बसून नुसती हसत होते.
डॉक्टरीणबाई म्हणतात, खूण चांगली आहे. पिवळ्या पाण्याने झालं की शरीरानेच केलं, ते सांगता येत नाही. मुलाचं पुढे बघू.
तुझी आनंदात असलेली,
रूपाली

धुळे, ८ ऑगस्ट

चि. रूपालीस आशीर्वाद.
पत्र दोनदा वाचलं अन् देवापुढे ठेवलं. गल्लीत काय सांगणार? रूपाली बरी शे, एवढंच सांगितलं. ते अकरा जण विचारत होते, आपल्या रक्ताचा गुण आला का. मी हो म्हटलं. आता छाती काढून फिरतात, फिरू दे.
सासूचं सोवळं मोडलं, हे मी कुणाला बोलणार नाही. तिला माझा नमस्कार सांग. आजवर कधी लिहिला तर रीत म्हणून, आज मनापासून लिहिते.
तुझी आत्या, भागाबाई