देवळाला ग्रॅनाइट

कोल्हापूर,
९ मार्च २०२५

चि. विशू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मुलांच्या परीक्षा चालू आहेत, ऊन तापायला लागलंय. फोनवर मी ओरडते आणि तू नेटवर्क नाही म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितेय. हे तरी पुरतं वाच.

तुझ्या तिकडच्या गावातल्या चर्चचे फोटो मिळाले. आठशे वर्षांपूर्वीची गोल कमान, बसका मनोरा, चुन्याच्या थराखाली सापडलेलं भिंतीवरचं चित्र. मागे कुणीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं, आतली ओल बाहेर पडेना आणि दगड सोलपटू लागला. आता तुम्ही गावकरी दर शनिवारी ते सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरता. दाराची पायरी माणसांच्या पायांनी झिजून मधे खोलगट झालीय, ती बदलायला तू भर सभेत विरोध केलास म्हणे. वाचून आधी छाती फुगली. मग इतका संताप आला की फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

अरे, आपल्या गावचं भैरोबाचं देऊळही त्याच काळातलं, शिलाहारांच्या वेळचं! त्याच्या जीर्णोद्धाराला तू देणगी दिलीस, कमिटीनं पाठवलेलं डिझाइन पाहिलंस आणि नुसता अंगठा पाठवलास. कोरीव दगडावर ग्रॅनाइट, बाहेर स्टीलचे कठडे. तिथे एका पायरीसाठी भांडतोस आणि इथे एक प्रश्न विचारावासा वाटला नाही? त्यांचा तो वारसा आणि आपलं ते जुनाट, हे तुला कुणी शिकवलं?

मी गेले होते भांडायला. अध्यक्ष हंबीरराव सगळ्यांदेखत म्हणाले, "विश्वजितनं व्हय म्हटलंय की. तू लगीन होऊन गेलीस, तुझा काय विषय?" बाकीचे हसले. मी तशीच परत आले.

मंडपाचे पुढचे चार खांब ग्राइंडरनं घासून मढवून झाले. आतले चार जोतिबाच्या यात्रेनंतर.

सगळे बरे आहोत असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. आईला आता जवळजवळ दिसत नाही. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही म्हणतात डॉक्टर. पोरगा काळजी करत बसेल म्हणून तुला सांगू नको म्हणाली. तरी रोज एकटी देवळात जायची. आधी घोड्याचा खांब, मग मोराचा, मग हंसाचा, असं कोरीवकामावरून हात फिरवत थेट गाभाऱ्यापर्यंत. परवा मी मागे होते. तिनं एका खांबाला हात लावला, मग दुसऱ्याला. पुन्हा पहिल्याकडे वळली आणि मंडपात मधोमध उभी राहिली.

"अनू, द्येव कुठल्या अंगाला हाय गं?"

नवरी होऊन आली तेव्हापासून ज्या देवळात जातेय, तिथे आपली आई हरवली, विशू.

यात्रेच्या आत हंबीररावांना फोन कर. माझं त्यांनी ऐकलं नाही, तुझं लगेच ऐकतील, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे.

आईला हाताला धरून देवापुढे नेणारी,
तुझी अक्का